पिंगळा की रानपिंगळा?

कामशेतला संध्याकाळी वायरवर बसलेलं छोटं घुबड म्हणजे पिंगळाच. कोणी ‘रानपिंगळा दिसला’ म्हणालं, तर मात्र पुरावा मागायचा. १८८४ नंतर रानपिंगळ्याची एकच नोंद होती: गुजरातमधलं मांडवी, १९१४, कर्नल माइनर्ट्झहागेन. तिच्यावर विसंबून लोकांनी तिकडेही शोधलं. पण साहेबांनी म्युझियममधला जुना नमुना चोरून, परत शिवून, त्यावर नवं लेबल लावलं होतं! पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली, मांडवी सोडून दिलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व सहकाऱ्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा सापडला.

२०१४ मध्ये तो सातपुड्यापासून लांब, तानसा अभयारण्यात दिसला. म्हणजे आपल्या सह्याद्रीतही शक्यता आहे.

मग ओळखायचा कसा? पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं. रानपिंगळ्याचं जवळजवळ साधं. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. दिवसा दिसला एवढ्यावर जाऊ नका, पिंगळाही दिवसा बसलेला असतो. समोरून आणि शेपटीचा असे दोन फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग, तारीख, नेमकी जागा एवढं हवं. नाव शेवटी लिहा, आधी जे दिसलं ते लिहा.