ल्युकेमिया बरा झाला, फाइल जपा

लहानपणी रक्ताचा कॅन्सर होऊन बरी झालेली मुलं आज आपल्या वस्त्यांत कॉलेजात, कामावर दिसतात. घरचे म्हणतात, "आता त्याचं नाव काढू नका." पोरीच्या लग्नाची काळजी आम्हांला कळते. पण त्या भीतीनं फाइल रद्दीत गेली, तर पुढच्या डॉक्टरला काय कळणार?

सलाईनमधून दिलेलं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन किंवा डाउनोरुबिसिन, हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतं. दहा-वीस वर्षांनीही जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. अशा मुलीला दिवस गेले तर डॉक्टरांना आधीच सांगावं; बाळंतपणात हृदयावर ताण येतो. एकूण किती औषध गेलं ते फाइलमध्येच असतं, आणि इको कधी-कधी करायचा ते त्यावरून ठरतं.

स्टेरॉइडमुळे खुब्याचं हाड खराब होऊ शकतं. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर उंची, थायरॉइड, अभ्यासातली गती यांवर परिणाम होऊ शकतो. अशा पोराला मठ्ठ म्हणणारे मास्तर आम्ही पाहिलेत. त्यांना कागद दाखवा.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. उपचार दुसरीकडे झाले असतील, तर तिथून औषधांच्या मात्रेसह सारांश लिहून मागा. तो रुग्णाचा हक्क आहे.