राउटरच्या पोटातलं पान

पनवेलमध्ये २०२० साली 'योट्टा'चं प्रचंड डेटा सेंटर सुरू झालं. वेबसाइट म्हटली की अशाच इमारतीतले सर्व्हर डोळ्यांसमोर येतात. पण त्याच पनवेलमधल्या एखाद्या फ्लॅटमधला वाय-फाय राउटर बघा. इंटरनेट बंद पडलं तरी पासवर्ड बदलायचं त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, कारण ते पान राउटरमध्येच असतं.

अगदी लहान उपकरणांत फाइली ठेवायची वेगळी सोय पुष्कळदा नसतेच. मग पान, त्याची रंगसंगती, चित्रं, सगळं थेट प्रोग्राममध्येच भरतात. हे काम एक छोटी स्क्रिप्ट करते. ती फाइलमधला एकेक बाइट वाचून त्याचा आकडा लिहीत जाते. एचटीएमएल पानाच्या सुरुवातीची खूण कोनी कंसांसकट सहा अक्षरांची. तिचे आकडे होतात ६०, १०४, ११६, १०९, १०८, ६२. ही यादी सी भाषेतला अ‍ॅरे म्हणून लिहिली, की कंपायलर ती बाकीच्या कोडबरोबर बांधून टाकतो.

फायदा मोठा आहे: एकच फाइल पाठवायची, काही हरवायचा प्रश्नच नाही. मात्र पानावरचा एक शब्द बदलायचा तरी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. म्हणून स्क्रिप्ट हाताने चालवू नये, बिल्डमध्येच बसवावी. नाहीतर नव्या प्रोग्राममध्ये जुनंच पान जातं.

गो भाषेत २०२१पासून फाइल प्रोग्राममध्ये भरायची ही सोय आयती मिळते, सी भाषेच्या 'सी२३' या आवृत्तीमध्येही ती आली आहे. जागा कमी असेल तर पान आधी जीझिप करून भरावं. पान जीझिप केलेलं आहे असं उत्तराच्या हेडरमध्ये कळवलं, की ब्राउझर ते स्वतः उलगडून घेतो.