हिपहॉपवाल्याचं न्यूयॉर्क

जर्सीला मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहून आलेली आपली बडोद्याची मंडळी भेटली, की न्यूयॉर्कचं वर्णन साधारण एकाच वळणानं जातं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअरचे दिवे, एम्पायर स्टेटवरून दिसणारं शहर, सेंट्रल पार्क, आणि जॅक्सन हाइट्सला मिळालेला फर्मास डोसा. ब्रॉन्क्सचं नाव काढलं तर जावईबापू हळूच म्हणतात, "तिकडे कशाला जायचंय?"

मी पंचवीस वर्षं हिपहॉप ऐकतोय. घरात या आवडीला अजून "ती बडबड" म्हणतात, आणि माझी काही तक्रार नाही. पण या संगीताच्या नादानं न्यूयॉर्क पाहायला निघालं, की शहराचा नकाशाच बदलतो. सगळी महत्त्वाची ठिकाणं राहत्या इमारती, शाळांची अंगणं, बागा आणि रेल्वेचे फलाट निघतात. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, रांग नाही, आणि पाहायला म्हणाल तर फारसं काही नाहीही. काय झालं ते माहीत असेल तरच दिसतं.

सुरुवात अर्थातच ब्रॉन्क्सपासून. मॅनहॅटनमधून चार नंबरची सबवे पकडायची. यांकी स्टेडियमपाशी गाडी जमिनीखालून वर येते आणि पुढे जेरोम अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते. खाली गॅरेजं, टायरची दुकानं, न्हाव्यांची दुकानं. तिथे उतरून पश्चिमेला एक चढ चढायचा आणि मग हार्लेम नदीकडे उतरायचं. खाली हमरस्त्यांचा अखंड घोंगाट, आणि त्यांच्या शेजारी एक साधी, उंच, विटांची इमारत. १५२० सेज्विक अ‍ॅव्हेन्यू.

११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिनं इमारतीच्या तळमजल्यावरच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. आपल्या सोसायटीचा हॉल असतो ना, तशीच ती खोली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हे कुटुंब मूळचं जमैकाचं. क्लाइव्ह बारा वर्षांचा असताना, १९६७ मध्ये, ब्रॉन्क्सला आलेला. इतिहास हर्कच्या नावानं लिहिला गेला, पण पार्टीची कल्पना बहिणीची आणि हिशेबही तिचाच, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

हर्कनं एक गोष्ट हेरली होती. जेम्स ब्राउनसारख्यांच्या गाण्यांत मधेच गाणारा थांबतो, बाकीची वाद्यंही थांबतात आणि फक्त ढोल-ताशा उरतो. त्याला म्हणतात ब्रेक. तो काही सेकंदांचा असतो, पण नाचणारी मुलं नेमकी त्याचीच वाट पाहत असतात. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर लावायला सुरुवात केली. इकडचा ब्रेक संपला की तिकडचा सुरू, तोवर इकडची रेकॉर्ड हातानं मागे फिरवायची. काही सेकंद मग कितीही मिनिटं चालतात. नवरात्रात गरबा रंगात आला की आपला ढोली सम सोडत नाही, तीच चक्री फिरवत ठेवतो आणि मैदान वेडं होतं, ते आठवा. बडोदेकराला ब्रेक समजावून सांगायला याहून जास्त काही लागत नाही.

त्या ब्रेकवर नाचणारे ते ब्रेकर. हेच ब्रेकिंग पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकांपर्यंत पोहोचलं. आणि ब्रेक चालू असताना माइकवर गर्दीला चेव आणणारे जे होते, त्यांच्यातून रॅपर निघाले. आज जगभर रॅपरचं नाव मोठं आणि डीजेचं लहान. सुरुवातीला ते नेमकं उलटं होतं.

हे सगळं ब्रॉन्क्समध्येच का घडलं, याचं अर्धं उत्तर इमारतीच्या दाराशी उभं राहिलं की कानावर पडतं. तो घोंगाट. शहराचे सर्वशक्तिमान नियोजक रॉबर्ट मोझेस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे भरवस्तीतून कापत नेला. १९४८ ला सुरू झालेलं काम पुरतं व्हायला दोन दशकांहून जास्त लागली. हजारो कुटुंबं उठली. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले, घरांच्या किमती कोसळल्या, आणि सत्तरच्या दशकात दक्षिण ब्रॉन्क्स जळायला लागलं. काही आगी विम्यासाठी घरमालकांनीच लावल्या होत्या. त्याच काळात शहराची तिजोरी रिकामी झाली म्हणून अग्निशमन केंद्रंही बंद केली गेली. दहा वर्षांत काही वस्त्यांमधल्या निम्म्याहून जास्त इमारती गेल्या. शाळांतले संगीताचे वर्ग पैशाअभावी आटले. वाद्यं नाहीत, शिकवणारे नाहीत, पण घरात आई-वडिलांच्या रेकॉर्ड आहेत. मग रेकॉर्डच वाद्य झाली. वीज? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून ओढायची. यावर नाक मुरडण्याआधी आपल्याकडच्या मांडवांची वीज कुठून कुठून यायची तेही आठवून पाहा.

तबकडीवर रेकॉर्ड पुढे-मागे घासून जो खर्रखर्र आवाज काढतात, त्याची कथा तर घरोघरची आहे. ग्रँड विझर्ड थिओडोर तेव्हा शाळकरी पोरगा. खोलीत मोठ्यानं गाणी लावलेली, आई दारात येऊन रागावली. ती बोलत असताना त्यानं फिरती रेकॉर्ड हातानं धरून ठेवली आणि नकळत हलवत राहिला. कानातल्या हेडफोनवर तो आवाज त्याला आवडला. स्क्रॅचिंगच्या जन्माची ही हकिगत तो स्वतःच सांगतो. वर्ष साधारण १९७५.

आता सेज्विकच्या इमारतीचं पुढचं. २००७ मध्ये राज्याच्या वारसा खात्यानं तिला हिपहॉपचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास मालकांनी ती एका सरकारी योजनेतून बाहेर काढायचं ठरवलं. मिचेल-लामा ही १९५५ ची योजना. बांधकामाला स्वस्त कर्ज आणि करसवलत, बदल्यात भाड्यावर मर्यादा, पण ठरावीक वर्षांनी मालकाला बाहेर पडायची मुभा. बाहेर पडलं की भाडी बाजारभावानं, म्हणजे तिथले कामगार, परिचारिका, पेन्शनर सगळे रस्त्यावर. भाडेकरू संघटित झाले आणि हर्क त्यांच्या बाजूनं उभा राहिला. तरीही इमारत विकली गेली. नव्या मालकाच्या काळात देखभाल ढासळली, आणि अखेर शहराच्या आर्थिक मदतीनं ती परवडणारी घरं जपणाऱ्यांच्या हाती आली. जन्मस्थानाचा मान मिळाला म्हणून घरं वाचली असं नाही. भाडेकरूंनी काही वर्षं चिकाटीनं बैठका, अर्ज आणि निदर्शनं केली, म्हणून वाचली. मात्र त्या मानामुळे वर्तमानपत्रं तिथवर आली, हे खरं.

खुद्द हर्कला या अब्जावधींच्या धंद्यातून फारसं काही मिळालं नाही. २०११ मध्ये मूतखड्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे आरोग्य विमा नव्हता, चाहत्यांनी वर्गणी काढली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०२३ साली घेतलं, पार्टीनंतर पन्नास वर्षांनी.

इमारतीपुढे उभे राहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. ही लोकांची घरं आहेत. फुटपाथवरून फोटो काढा, पण दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. आपल्या पोळेत कुणी कॅमेरा घेऊन ओटल्यावर चढला तर आपल्याला काय वाटतं, तेच त्यांना वाटतं.

परतीच्या वाटेवर १४९वा रस्ता-ग्रँड कॉन्कोर्स स्टेशनवर उतरा. सत्तरच्या दशकात इथल्या फलाटावरच्या बाकावर भिंती आणि डबे रंगवणारी पोरं जमत, वह्यांतली डिझाइनं एकमेकांना दाखवत, आणि आपण रंगवलेला डबा समोरून जायची वाट बघत बसत. शहरभर नाव लिहायचं हे वेड पसरवणाऱ्यांत 'टाकी १८३' हे नाव सर्वांत गाजलं. वरच्या मॅनहॅटनच्या १८३व्या रस्त्यावरचा, निरोप्याचं काम करणारा ग्रीक वंशाचा मुलगा. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर बातमी छापली आणि मग नक्कल करणाऱ्यांना पूर आला. सबवेनं १९८९ मध्ये रंगवलेला शेवटचा डबा सेवेतून काढला. आजच्या चकचकीत गाड्यांत तो काळ कुठेच दिसत नाही. पाहायचाच असेल तर हार्लेममध्ये पार्क अ‍ॅव्हेन्यू आणि १०६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका शाळेच्या आवाराच्या भिंती आहेत. १९८० पासून 'ग्राफिटी हॉल ऑफ फेम' म्हणून ओळखल्या जातात.

क्वीन्समध्ये मात्र एक मोठी भिंत कायमची गेली. लाँग आयलंड सिटीतला जुना कारखाना, नाव फाइव्ह पॉइंट्स, मालकाच्या परवानगीनं वर्षानुवर्षं रंगवला जात होता. सात नंबरच्या गाडीतून तो अख्खा दिसायचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकानं एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली. एकवीस चित्रकार कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. पुढच्या अपिलांतही निकाल टिकला. मालकाची भिंत असली तरी तिच्यावरच्या चित्रावर चित्रकाराचा काही हक्क उरतो, हे त्यातून ठळकपणे मांडलं गेलं. आज त्या जागी काचेचे दोन मनोरे आहेत. गंमत म्हणजे नाव तेच, फाइव्ह पॉइंट्स.

जवळच क्वीन्सब्रिज. उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी सरकारी वसाहत, ३,००० हून जास्त घरं, १९३९ पासूनची. नास इथलाच. १९९४ चा त्याचा 'इलमॅटिक' हा अल्बम ऐकून या विटांच्या इमारतींकडे पाहिलं की खिडक्या ओळखीच्या वाटतात. इथलीच रोक्सान शान्टे. १९८४ मध्ये चौदा वर्षांची होती, कपडे धुवायला निघाली होती, वाटेत शेजारच्या मार्ली मार्लच्या घरी थांबून तिनं एका दमात रेकॉर्डिंग केलं, आणि ते गाजलं. याच वसाहतीच्या एमसी शॅननं आपल्या वस्तीचं कौतुक करणारं गाणं केलं, तेव्हा ब्रॉन्क्सच्या केआरएस-वन मंडळींना वाटलं की हे जन्मस्थानावर हक्क सांगतायत. मग गाण्याला गाणं, उत्तराला प्रत्युत्तर. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड असेच रात्र रात्र रंगायचे. समोरच्याला निरुत्तर करायचं, पण छंद सोडायचा नाही.

ब्रुकलिनबद्दल थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण २२६ सेंट जेम्स प्लेसवर थांबावं लागतंच. नोटोरियस बी.आय.जी., म्हणजे क्रिस्टोफर वॉलेस, इथे वाढला. आई व्होलेटा, तीही जमैकाची, बालवाडीत शिक्षिका. मुलानं गाण्यात घराचं वर्णन एका खोलीचं खोपटं असं केलं, ते आईला कधीच पटलं नाही. मराठी शिक्षिका आई असती तर तिलाही पटलं नसतं. १९९७ मध्ये चोविसाव्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. इथल्या रस्त्याला त्याचं नाव द्यायचा प्रस्ताव २०१३ मध्ये आला तेव्हा स्थानिक समितीत त्याच्या गुन्ह्यांवरच नव्हे, त्याच्या जाडेपणावरही बोट ठेवलं गेलं. २०१९ मध्ये पाटी लागली. तोवर आजूबाजूची भाडी अशी चढली होती, की त्याच्या लहानपणीचे किती शेजारी ती पाटी वाचायला उरले असतील कोण जाणे. बेडफर्ड आणि क्विन्सीच्या कोपऱ्यावर त्याचं मोठं भित्तिचित्र आहे. २०१७ मध्ये मालक तिथे खिडक्या काढणार होता, लोकांनी आरडाओरडा केला आणि चित्र राहिलं.

हे सगळं एका दिवसात होत नाही. एक दिवस ब्रॉन्क्स-हार्लेमला, एक क्वीन्स-ब्रुकलिनला ठेवा. सबवेचं एक तिकीट सुमारे ३ डॉलरचं, आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीमुळे गाड्यांचे मार्ग बदलतात, तेव्हा फलाटावरच्या सूचना वाचा. ब्रॉन्क्समध्ये नदीकाठी हिपहॉपचं संग्रहालय उभं राहतंय, निघण्याआधी त्याची चौकशी करा. आणि जुलैत तिकडे असाल तर क्रोटोना पार्कमधल्या संध्याकाळच्या मोफत मैफिलींची तारीख पाहून ठेवा. तिथे त्या पहिल्या पिढीतले डीजे गेली अनेक वर्षं वाजवत आलेत. ऐकणाऱ्यांत १९७३ ला अठरा वर्षांचे असलेले लोकही असतात, म्हणजे आता सत्तरीचे. घडीच्या खुर्च्या, डबे, नातवंडं सगळं बरोबर घेऊन येतात. ब्रेक लागला की खुर्च्या रिकाम्या होतात.