नटाचा फोटो, स्थळाचा नव्हे

बेळगावात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला दोन फोटो झोपेतही काढता येतात, एक पासपोर्टचा आणि दुसरा स्थळाचा. अलीकडे तिसरा आला आहे. ‘काका, ऑडिशनला पाठवायचाय.’ अशी मुले महिन्याला दोन-तीन तरी येतात. कुणी कॉलेजच्या एकांकिकेत बक्षीस मिळवलेला, कुणी गावच्या जत्रेतल्या नाटकात गाजलेला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, म्हणून एक डोळा मुंबईवर आणि दुसरा बेंगळूरवर. त्यात वावगे काहीच नाही. कन्नड नाटककार गिरीश कर्नाड १९८२ च्या ‘उंबरठा’त आपण पाहिलेच आहेत, आणि आपले अतुल कुलकर्णी २००७ साली ‘आ दिनगळु’ या कन्नड चित्रपटात होते.

अडचण वेगळीच आहे. मुलगा नटाचा फोटो काढायला येतो आणि स्थळाच्या फोटोला बसावे तसा ताठ बसतो. सोबतची आई हळूच सांगते, ‘जरा गोरा करा की!’ स्थळाच्या फोटोत ते चालून जाते. पण कलाकार निवडणाऱ्याला जावई नको असतो. त्याला हवालदार हवा असतो, धाकटा भाऊ, वकील, किराणा दुकानदार हवा असतो. फोटो बघून ज्याला बोलावले, तोच दारातून आत आला पाहिजे.

मागच्या वर्षी खानापूरकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. मोठ्या शहरातल्या एका एजन्सीने ‘पोर्टफोलिओ’ म्हणून त्याच्याकडून पस्तीस हजार घेतले होते. ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे. बदल्यात जाड अल्बम. गॉगल, उसने चामडी जॅकेट, मोटारसायकलला टेकलेला मुलगा, आणि चेहरा एवढा घासूनपुसून गुळगुळीत केलेला की कपाळावरचा लहानपणीचा व्रणही गायब. पुढे एजन्सीचा फोन लागेना. वडील मला म्हणाले, ‘तुम्ही काढा, पण तो व्रण तेवढा घालवा.’ मी म्हटले, पाटील, व्रण राहू द्या. उद्या तारुण्यपिटिका उठली तर ती मी पुसेन, कारण आठवड्याने ती नसणार. व्रण मात्र त्याच्याबरोबर ऑडिशनला जाणार आहे. ते गप्प बसले, पटले असे काही दिसले नाही.

फोटोला खर्च फारसा लागत नाही. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, तिथे दिवसभर मऊ उजेड असतो. खिडकीकडे थोडे तिरके उभे राहावे, सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा, फ्लॅश बंद. डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकला की चेहरा जिवंत होतो. मोबाईल अगदी तोंडाजवळ धरला तर नाक फुगते आणि कान मागे जातात, म्हणून सहा-सात फूट लांब जाऊन दुप्पट झूमवर, डोळ्यांच्या उंचीवरून काढावा. शर्ट एकरंगी. बारीक चौकडा पडद्यावर झिलमिलतो. केस आठवडाभर आधी कापलेले बरे, कालच कापलेले डोके फोटोत परके दिसते. कपाळाचे तेल टिपून घ्यावे. समोरून जवळचा, दोन्ही बाजूंचे, कमरेपर्यंतचा आणि पूर्ण उंचीचा, एवढे पुरेत.

पुरुषांसाठी एक सोय आहे, ती मुले वाया घालवतात. दाढी वाढवूनच यावे. आधी दाढीसह फोटो, मग फक्त मिशी ठेवून, शेवटी तुळतुळीत. एका दुपारात तीन माणसे तयार! उलट्या क्रमाने मात्र महिना लागतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे चेहरा सैल करणे. रंगमंचावरच्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवायची सवय असते, कॅमेरा मात्र दोन हातांवर. ‘हसा’ म्हटले की ओठ हसतात, डोळे नाहीत. त्या खानापूरच्या मुलाला मी मध्येच विचारले, ‘एन् माडाकत्ती?’ घरात आजी त्याला तसेच ओरडायची म्हणे. तो खुदकन हसला, मग क्षणभर कुठेतरी हरवला. तो हरवलेला फोटो आम्ही ठेवला, व्रणासकट. त्यावर बेंगळूरहून दोनदा बोलावणे आले. काम अजून मिळालेले नाही. वडील अधूनमधून फोन करून विचारतात, आणि व्रणाचा विषय काढत नाहीत.

फोटोबरोबर हल्ली छोटा ओळखीचा व्हिडिओ मागतात: नाव, वय, खरी उंची, गाव, भाषा. आपल्या मुलांनी एक-दोन वाक्ये मराठीत आणि एक-दोन कन्नडमध्ये जरूर बोलावीत. आणि निवडीसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो हवा’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर घरच्यांनी तिथेच फोन ठेवावा.