हवेतून पिकणारे भात

जमिनीची प्रत पाहून आकार ठरवावा, पीकपाहणी करून दफ्तरी नोंद घ्यावी आणि हंगामाच्या अखेरीस आणेवारी जाहीर करावी, ही महसूल खात्याची वहिवाट पिढ्यान् पिढ्या चालत आल्यामुळे, पीक म्हणजे मातीचे उत्पन्न ही समजूत रयतेच्या आणि सरकारच्या मनात सारखीच दृढ झाली आहे. परंतु पालघर तालुक्यातील सालवड-बोईसरच्या टापूत, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने वेढूनही जी भातखाचरे टिकून आहेत, त्यांतला सडीक तांदूळ शंभर ग्रॅम घेऊन पूर्णपणे जाळला, तर मागे एक ग्रॅमही राख उरत नाही. जळताना उडून गेलेला नत्र हिशेबात धरला, तरी मातीचा वाटा शेकडा दोन-तीनच्या पलीकडे जात नाही. उरलेला दाणा हवेतून आणि पाण्यातून आलेला असतो, आणि तो घडविण्याचे काम पान करते.

भाताच्या पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून हवा आत शिरते. तिच्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शेकडा अवघे ०.०४ असते, आणि एवढ्याशा भांडवलावर पानाला आपला सर्व संसार उभारावयाचा असतो. पेशींतील हरितलवकांत असलेले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील तांबडे व निळे किरण विशेषेकरून शोषून घेते, हिरव्यांपैकी बरेच परतवून लावते, आणि म्हणूनच खाचर आपल्याला हिरवेगार दिसते. शोषलेल्या ऊर्जेने मुळांनी वर चढविलेल्या पाण्याचे विघटन होते. झाडे प्रकाशातच प्राणवायू सोडतात, हे इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखविले होते. तो प्राणवायू कार्बन डायऑक्साइडचा नसून पाण्याचा असतो, हे मात्र रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन वापरून १९४१ मध्ये सिद्ध केले.

पाण्यापासून सुटे झालेले इलेक्ट्रॉन एका घटकाकडून दुसऱ्याकडे सोपविले जात असता हरितलवकातील पातळ पडद्याच्या एका बाजूस प्रोटॉन साचत जातात, आणि ते परत फिरताना पडद्यात रोवलेल्या एका प्रथिनाचा काही भाग खरोखरच गरगर फिरवून एटीपी हे ऊर्जावाहक द्रव्य तयार करवितात. सालवडपासून थोड्याच अंतरावर, १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूरच्या अणुकेंद्रात युरेनियमच्या विखंडनाने पाण्याची वाफ होऊन तिच्या जोराने टर्बाइन फिरते. पानातील हे चक्र त्याच न्यायाने, परंतु वाफेवाचून, सूर्याच्या गर्भात हायड्रोजनच्या मीलनातून उपजलेल्या ऊर्जेवर चालते.

यापुढील काम प्रकाशावाचूनही होण्याजोगे आहे. एटीपीच्या बळावर कार्बन डायऑक्साइडची शर्करा कशी होते, याचा माग केल्व्हिन, बेन्सन आणि बॅशॅम यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ च्या साह्याने काढला, आणि त्याबद्दल केल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शर्करा घडविण्याच्या या कामाचा कारभार रुबिस्को नावाच्या विकराकडे असून तो कमालीचा संथ आहे. शिवाय उष्मा वाढला की कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूच पकडण्याची चूक तो अधिक करतो, आणि भाताची बरीच मेहनत वाया जाते. डोंगरउतारावरच्या नाचणीने मात्र कार्बन डायऑक्साइड आधी दुसऱ्या मार्गाने गोळा करून रुबिस्कोभोवती दाटपणे पुरविण्याची व्यवस्था केली असल्यामुळे, ती कडक उन्हात व कमी पाण्यात तग धरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की निसवल्यानंतर लोंबीत भरणारे पिष्ट बहुतांशी त्याच सुमारास वरच्या दोन-तीन पानांत तयार होत असते. त्यामुळे भाद्रपदातील आभाळात सापडलेल्या हळव्या भाताचे दाणे पोचट राहण्याचा संभव असतो, तर गरव्या भाताला आश्विनातील उघडीप लाभते. आणि पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळी भाताचा उतारा पावसाळी भाताहून अधिक पडतो, याचेही एक प्रमुख कारण ऊनच होय. पाने गुंडाळणारी अळी याच पानाची सुरळी करून आत बसते आणि त्यातील हिरवा गर खरवडून खाते. मागे जे पांढुरके पट्टे राहतात, तेथे पिष्ट बनविणारी यंत्रणाच उरलेली नसते.

तेव्हा भात पोटरीत आले की शेतकऱ्यांनी बांधावरून पाण्याची पातळी पाहून परत न फिरता खाचरात उतरावे आणि शेंड्याकडची पाने एकेक उलगडून पाहावीत. खत कितीही घातले असले, तरी दाणा भरावयाचा तो याच पानांनी.