दुखणे जबड्याचे, बदनामी दातांची

कानात ठणका लागतो, पण कानाचे डॉक्टर म्हणतात कान स्वच्छ आहे, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण दंतवैद्य म्हणून मी नेहमी पाहतो. कानाच्या पुढे बोट ठेवून त्यांना तोंड उघडायला सांगावे, तर अनेकदा बोटाखाली 'कट्' होते. दुखण्याचा पत्ता बहुधा तिथेच असतो, जबड्याच्या सांध्यात. मग रुग्णाचा ठरलेला प्रश्न येतो : 'डॉक्टर, कोणता दात काढायचा?'

या प्रश्नाला इतिहास आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये ११ रुग्णांच्या आधारे मांडले, की मागचे दात पडल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि कानाजवळ दाब येतो. शरीररचनेच्या अभ्यासकांनी हे स्पष्टीकरण पुढे खोडून काढले. पण दोष दातांच्या जुळणीचाच, हा समज कित्येक दशके टिकला. त्यापायी धडधाकट दात घासले गेले. घासलेला दात पुन्हा वाढत नाही!

हा सांधा बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, तोंड मोठे उघडताना पुढे सरकतोही. त्यात एक मऊ चकती असते. ती जागेवरून सरकली की आवाज होतो, अडकली की तोंड उघडत नाही. ती का सरकते? कधी मार, कधी संधिवात. सांध्याभोवतीचे स्नायू दुखतात ते बरेचदा दात आवळण्याने. जेवताना आणि गिळताना सोडले, तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. पण मनावर ताण असला की आपण नकळत दातओठ खातो, काहीजण तर झोपेतही. बहुतेकांत अशी अनेक कारणे एकत्र येतात.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ओळखाव्यात. लहान मूल हनुवटीवर आपटले, तर वरवरच्या जखमेला टाके घालून थांबू नये. सांध्याचे हाड मोडले असेल आणि ते दुर्लक्षित राहिले, तर सांधा जखडून जबड्याची वाढ खुंटू शकते. आणि गुटखा-सुपारीने तोंड उघडेनासे होते, तेव्हा सांधा निर्दोष असतो. गालाच्या आतली त्वचा ताठर झालेली असते. त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो.

नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर उपचारांची घाई नको. दुखत असेल तर काही दिवस मऊ आहार, शेक आणि 'ओठ मिटलेले, दात सुटे' ही सवय, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. दातांवर कानस चालवण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.