खजिनदाराच्या घराचा जिना

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूट ही शिक्षणसंस्था सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनी १८६८ मध्ये, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन केली. ती मुख्यतः देणग्यांवर चाले. जोतीराव फुल्यांनी अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्यांना ‘गुलामगिरी’ अर्पण केली त्याच १८७३ साली हॅम्प्टनचे विद्यार्थी गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करत होते, आणि त्या पैशाच्या आधारे ‘व्हर्जिनिया हॉल’ ही भव्य इमारत उभी राहिली.

छायाचित्रकार फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांनी १८९९-१९०० च्या हिवाळ्यात तेथे घेतलेल्या छायाचित्रांपैकी एकात बांधून होत आलेला लाकडी जिना दिसतो. जिन्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर सहा तरुण सुतारकामात गढलेले असून कोणाचीही नजर कॅमेऱ्याकडे नाही. घरातील मंद उजेडात काचेच्या पट्टीवर चित्र उमटण्यास वेळ लागत असल्याने ही तन्मयता योजून साधलेली आहे, हे उघड आहे. तरीही त्या हातांतले कसब खोटे ठरत नाही.

वर चढत जाणारा जिना आणि तो स्वतः घडवणारे तरुण हे उन्नतीचे प्रतीक दात्यांना सहज भिडणारे होते. हॅम्प्टनचा भर औद्योगिक शिक्षणावर, म्हणजे हातच्या कामातून कसब आणि चारित्र्य घडवण्यावर होता, आणि चित्र त्याचीच ग्वाही देते. परंतु तो जिना आहे संस्थेच्या खजिनदाराच्या निवासस्थानाचा. संस्थेची सूत्रे तेव्हा गोऱ्यांच्या हाती होती, त्यामुळे पायऱ्या बसवणाऱ्यांना त्या पायऱ्यांनी कुठवर जाता येणार होते, हा प्रश्न चित्रातच दडलेला आहे आणि चित्राचे खरे मोल त्यातच आहे.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही छायाचित्रे मांडली गेली, तेव्हा त्याच दालनात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे आलेख आणि नीटनेटक्या पोशाखातील स्त्रीपुरुषांची छायाचित्रे ठेवली होती. कृष्णवर्णीयांना हस्तव्यवसायापुरते रोखून धरणाऱ्या शिक्षणावर त्यांनी पुढे १९०३ मध्ये कठोर टीका केली, आणि ती रास्त होती. हॅम्प्टनचा छायाचित्रसंग्रह पुढे विस्मृतीत गेला. लेखक लिंकन कर्स्टीन यांना तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडला आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यातील निवडक चित्रे प्रसिद्ध केली. जिन्याच्या चित्राच्या मथळ्यात खजिनदाराच्या पदाचा उल्लेख आहे. सहा कारागिरांपैकी एकाचेही नाव नाही.